टिंब हलत नाही

ऑर्लिन हाउगस्टाडला टॉर्प क्रीक गावात सगळे दोन कामांमुळे ओळखायचे. आठवड्याचे पाच दिवस तो चीजच्या कारखान्यात परीक्षक असायचा. चीजच्या थोरल्या, चाकासारख्या गोल लादीत पोकळ सळई खुपसायची, एक वेढा देऊन बाहेर काढायची, आत आलेला बोटभर तुकडा नाकाखाली धरायचा आणि सांगून मोकळं व्हायचं: हा माल दुकानात, हा वितळवायला, हा डुकरांना. अठ्ठावीस वर्षं त्यानं हेच केलं आणि त्याच्या नाकावर कुणी कधी शंका घेतली नाही. दुसरं काम रविवारचं. चर्च आणि जेवण आटोपलं की दुपारी एक ते पाच, हॅरियटच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत. तिथं तो पंच असायचा.

कसला पंच? अहो, त्याच खेळाचा. कागदावर आपलं एक पात्र बनवायचं, फासे टाकायचे आणि टेबलाभोवती बसल्या बसल्या तोंडानं भुयारं धुंडाळायची, राक्षस मारायचे. खेळ जन्मला आमच्याच विस्कॉन्सिनात, तेव्हा त्याचं आम्हाला काही अप्रूप नव्हतं. अप्रूप एवढंच की इथली चारही माणसं पन्नाशीच्या आगेमागे होती आणि शाळकरी पोरांपेक्षा जास्त मन लावून भांडायची.

भांडण कायम एकाच गोष्टीवरून व्हायचं, ते म्हणजे पात्राचा कल. प्रत्येक पात्र भलं असतं की बुरं, शिस्तीचं असतं की मनमानी, हे पंचानं ठरवायचं असतं. त्यासाठी ऑर्लिनकडे चौकटींचा एक कागद होता. वर भलाई, खाली बुराई, डावीकडे शिस्त, उजवीकडे मनमानी. दर सोमवारी कामावर जायच्या आधी तो पेन्सिल घेऊन बसायचा, आदल्या दिवशी कुणी काय केलं ते आठवायचा आणि ज्याचं त्याचं टिंब एखादं घर सरकवायचा. कागद कुणाला दाखवायचा नाही, असा रिवाज. टिंब मधल्या रेषेखाली गेलं की पात्र कामातून गेलं. त्यातून ते पात्र व्रती शिलेदाराचं, म्हणजे देवाला वचन देऊन लढणाऱ्याचं असेल, तर त्याचं बळ, घोडा, देव, सगळं एका दमात जायचं.

गडी तिघं. आर्डिस पोस्टात खिडकीवर बसायची; उंच, सडसडीत, आणि शब्दाचा कीस काढण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. गेलन दुधाचा टँकर चालवायचा. त्याचं पात्र चोर होतं आणि पकडलं गेलं की गेलन एकच बचाव करायचा, "गरिबांसाठीच चोरलं! आणि या खोलीत माझ्याइतकं गरीब आहे तरी कोण?"

तिसरा डेल्मर. गावापासून अकरा मैलांवर त्याचा गोठा होता. लग्न केलं नाही. घरात म्हातारी आई हुल्डा आणि तिचा भाऊ, रेनहोल्ड मामा. नाकासमोर चालणारा माणूस. एकच्या ठोक्याला यायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा, बाकीची दोघं गळे काढून भांडत असली तरी हा गप्प. बाकीची आधी करून मोकळी व्हायची आणि मग वाद घालायची. डेल्मर आधी विचारायचा. "पंच, ओस्विननं असं केलं तर टिंब हलेल का?" हलेल म्हटलं की तो करायचा नाही. त्यामुळे त्याच्या ओस्विन नावाच्या व्रती शिलेदाराचं टिंब नऊ वर्षं वरच्या डाव्या कोपऱ्यात होतं, जागचं हललं म्हणून नाही. ऑर्लिनला त्याचा अभिमान होता. बायकोला, लव्हॉनला, सांगायचासुद्धा, "डेल्मरसारखा गडी मिळायला भाग्य लागतं."

कसलं भाग्य आणि कसलं काय!

एक गोष्ट आणखी सांगायला हवी. मागे एकदा, बांधलेल्या कैद्याला मारणं भलं की बुरं, यावर तीन रविवार काथ्याकूट झाला, आर्डिस आणि गेलन बोलेनासे झाले. तेव्हा आर्डिसनं एक वही आणली. पंचाचा प्रत्येक निकाल त्या वहीत जायचा, आणि एकदा गेला की पुढे पंचालासुद्धा तो बांधील. बदलायचा असेल तर आधीचा निकाल उघडपणे रद्द करायचा, आणि मग त्याच्या आधारानं पूर्वी जे जे घडलं त्याचीही टिंबं नव्यानं सरकवायची. ऑर्लिननं बारा वर्षांत एकही निकाल रद्द केला नव्हता. त्याचा ताठा होता त्याला.

नोव्हेंबरातला एक रविवार. हरणांच्या शिकारीचे दिवस, गेलन नारिंगी जाकीट घालून तसाच आलेला. बाहेर गुत्त्यात टीव्हीवर फुटबॉल चाललेलं. ऑर्लिनच्या पुढ्यात तळलेल्या चीजची थाळी. डेल्मरनं घसा साफ केला.

"पंच, एक विचारायचं होतं. ओस्विन एका मठात उतरलाय. तिथं एक म्हातारी आहे. पोटात दुखतंय तिच्या, बरं होणारं दुखणं नाही. ती रोज म्हणते, सोडव मला. ओस्विननं सोडवलं, तर टिंब हलेल?"

"अरे, आपण गुहेत आहोत!" गेलन ओरडला. "माझ्या अंगावर कोळी चढलाय आणि तुझा मठ कुठून उपटला मध्येच?"

"पुढे लागेल," डेल्मर म्हणाला.

ऑर्लिनच्या तोंडात घास होता. विचार करायला त्यानं किती वेळ घेतला म्हणाल, तर तो घास गिळेपर्यंतचा. "दुखणं बरं होणारं नसेल आणि माणसानं स्वतःच्या तोंडानं मागितलं असेल, तर टिंब हलत नाही," तो म्हणाला. आर्डिसनं लिहून घेतलं. निकाल क्रमांक एक्केचाळीस.

गुरुवारी हुल्डा गेली.

आजारीच होती, पोटाचा कॅन्सर, सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरनं सही केली, शनिवारी पुरली. नंतर चर्चच्या तळघरात नेहमीसारखं जेवण झालं, हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, पातळ कॉफी. ऑर्लिन थाळी घेऊन उभा होता. डेल्मर शेजारी येऊन उभा राहिला. सूट जुना, पण इस्त्रीचा. नखं स्वच्छ घासलेली.

"तुझे आभार मानायचे होते," डेल्मर म्हणाला. "तू निकाल दिलास, म्हणून मला झोप लागते. डोळे मिटेपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती. मी तिला म्हटलं, आई, विचारून आलोय."

ऑर्लिनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातली थाळी कलती होऊन सॅलड खाली सांडलं, आणि लव्हॉननं येऊन ती काढून घेतली. तिला वाटलं, मित्राची आई गेल्याचं दुःख झालंय बिचाऱ्याला.

तुम्ही म्हणाल, त्याच दिवशी शेरीफकडे का गेला नाही? मीही म्हणालो असतो. पण जाऊन सांगायचं काय? रविवारी चीज खाता खाता मी एका काल्पनिक म्हातारीला मारायची परवानगी दिली, आणि गुरुवारी खरी मेली? त्या काळात आधीच ओरड होती की हा खेळ सैतानाचा आहे. आमच्या पास्टरनं दोन प्रवचनं त्यावरच झोडली होती. ऑर्लिननं तोंड उघडलं असतं तर चौघांनाही गावातून तोंड काळं करावं लागलं असतं. पण खरं कारण तेही नव्हतं. खरं कारण हे की तोंड उघडलं की पहिला प्रश्न आला असता, हो कुणी म्हटलं? म्हणून तो मिठाची गुळणी धरून बसला.

पुढच्या रविवारी डेल्मर एकच्या ठोक्याला हजर. टोपी गुडघ्यावर. ऑर्लिन सोमवारी कागद घेऊन बसला आणि त्या कोपऱ्यातल्या टिंबाकडे नुसता बघत राहिला. कारखान्यात सळई नाकाखाली धरायचा तर वासच येईना. सर्दी नाही, काही नाही. अंदाजानं माल पास करायला लागला. जेवण जाईना.

"अरे, तुला झालंय तरी काय?" लव्हॉन विचारायची. "भूत पाहिल्यासारखा बसतोस."

"काही नाही गं. खेळाचं जरा डोक्यात आहे."

"खेळ तो खेळ. त्यानं कधी कुणी मेलंय का?" ती म्हणायची, आणि ऑर्लिन उठून बाहेर बर्फ उपसायला जायचा, बर्फ असो नसो.

जानेवारीत दुसरा प्रश्न आला. तसाच आवाज, तसाच घसा साफ करणं.

"पंच, मठात एक म्हातारा पण आहे. त्याला दुखत काही नाही. पण त्याला आठवत नाही की बहीण गेली. तासातासाला विचारतो, ती कुठाय? सांगितलं की नव्यानं रडतो. रोज दहा वेळा तिचं मरण बघतोय तो. त्याला सोडवलं, तर..."

"हलेल!" ऑर्लिन उठून उभाच राहिला. "पार तळाला जाईल टिंब! कळलं का? पार तळाला! लिही आर्डिस!"

"लिहितेय बाबा, ओरडतोस कशाला?" आर्डिस म्हणाली. गेलननं भुवया उंचावल्या. डेल्मरनं मात्र शांतपणे मान हलवली.

रात्रभर ऑर्लिनचा डोळ्याला डोळा लागला नाही. सोमवारी काम सुटल्याबरोबर तो अकरा मैल गाडी हाकत गोठ्यावर गेला. दार लोटलं, तर स्वयंपाकघरात रेनहोल्ड मामा गळ्याला फडकं बांधून ओटची खीर खात होता. ऑर्लिनचा जीव भांड्यात पडला.

"हुल्डा कुठाय?" मामानं विचारलं.

"गेली मामा, नोव्हेंबरात," डेल्मर म्हणाला. म्हाताऱ्याचं तोंड वाकडं झालं आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. डेल्मरनं त्याचे डोळे पुसले, नाक पुसलं, पुढचा चमचा भरवला.

"तू बघायला आलास होय?" त्यानं ऑर्लिनला विचारलं. त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "तू हलेल म्हणालास ना. मग मी कसं करीन? नऊ वर्षांत कधी केलंय?"

खरं होतं ते. आणि हेच भयंकर होतं. ऑर्लिनला तिथं उभ्या उभ्या कळलं, की या दोन माणसांच्या मध्ये ना देव उभा आहे ना कायदा, फक्त आपला एक शब्द उभा आहे. आपण पंच आहोत तोवर मामा खीर खाईल. खेळ मोडला, किंवा एखादा शब्द चुकला, तर खाणार नाही. अंगणात गाडीपर्यंत सोडायला डेल्मर आला. ऑर्लिनच्या तोंडून निघून गेलं, "डेल्मर, मला सहन होत नाही रे हे. वाटतं, एकदाचे डोळे मिटावेत आणि सुटावं."

असं आपण सगळेच म्हणतो. दिवसातून दोनदा म्हणतो. डेल्मर त्याच्याकडे बघत राहिला. बराच वेळ.

फेब्रुवारी तसाच गेला. खेळ चालू होता. ऑर्लिन एकही रविवार चुकवेना. ताप असताना आला, लव्हॉनच्या बहिणीचं लग्न होतं तरी आला. गेलन चिडवायचा, "पंचाला आमच्याशिवाय करमत नाही बुवा!" आणि मग मार्चच्या पहिल्या रविवारी डेल्मरनं घसा साफ केला.

"पंच, ओस्विनचा एक मित्र आहे. भला माणूस. ओस्विनची एक गोष्ट त्याला ठाऊक आहे आणि ती त्याला आतून खातेय. जेवण जात नाही. झोप नाही. हे दुखणं बरं होणारं नाही, कारण ऐकलेलं काही परत न ऐकलेलं होत नाही. आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलंय, डोळे मिटावेत आणि सुटावं. ओस्विननं त्याला सोडवलं, तर टिंब हलेल?"

ऑर्लिनला तो मित्र ओळखू आला. डेल्मरच्या डोळ्यांत राग नव्हता, कावा नव्हता. कळकळ होती. आजारी गाईकडे बघावं तसा बघत होता तो.

"हलेल," ऑर्लिन म्हणाला.

"थांब, थांब," आर्डिसनं वही उघडली. तिला तर पर्वणीच. "एक्केचाळीस. दुखणं बरं होणारं नसेल आणि माणसानं स्वतः मागितलं असेल, तर टिंब हलत नाही. दोन्ही अटी पुऱ्या होतात."

"झालं की मग!" गेलन म्हणाला. "पंच, आपल्याच निकालात अडकलास की रे! उडव रे डेल्मर त्या मित्राला, मला घरी जायचंय."

"तो मित्र... तसं मनापासून म्हणाला नसेल," ऑर्लिन कसाबसा बोलला. "बोलून जातो माणूस. त्रास झाला की बोलतो. मरायचं नसतं त्याला."

डेल्मरनं यावर विचार केला. "म्हातारी मनापासून म्हणाली होती का, हे तरी कुणी पाहिलं? ती म्हणाली, मी ऐकलं, तू मान्य केलंस. तेव्हा तू हे नाही विचारलंस."

खोलीत गेलन हसत होता, बाहेर टीव्हीपुढचे बास्केटबॉलवाले ओरडत होते, आणि ऑर्लिनला हुल्डा दिसली. पोट धरून बसलेली, सोडव रे मला म्हणणारी. आपण जानेवारीत गाडीपाशी म्हणालो तसंच म्हणणारी. आणि मग पोरगा जवळ येऊन वाकतो, तेव्हा त्याच्याकडे बघत राहणारी. का बघत होती ती? चार महिने ऑर्लिन या प्रश्नाला शिवला नव्हता.

"एक्केचाळीस रद्द," तो म्हणाला.

आर्डिसनं चष्मा काढला. "रद्द? बघ हं. मग मागचंही मोजावं लागेल. मठातली म्हातारी पण."

"तीही. मी चुकलो होतो. घाईनं बोललो. तिला मारणं बुरं होतं."

"किती घरं?" डेल्मरनं विचारलं.

ऑर्लिनला खोटं बोलता आलं असतं. एखादं घर म्हणाला असता. पण इतकी वर्षं त्यानं डेल्मरला जे आहे तेच सांगितलं होतं. "पार तळाला," तो म्हणाला.

डेल्मरनं टोपी उचलली. "म्हणजे नोव्हेंबरपासून मी खालीच आहे," तो म्हणाला. "याच्याखाली घर नाही ना?"

"नाही."

"मग आता विचारायचं कारणच उरलं नाही." तो उठला, कोट घातला, बटणं लावली, सगळी. आर्डिसला म्हणाला, "येतो." आणि दारातून वळून म्हणाला, "मामा एकटा आहे घरी."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"आता याला काय झालं?" गेलन म्हणाला. "कागदावरचा शिलेदार पडला म्हणून एवढं?"

ऑर्लिन तोवर पुढच्या खोलीत पोचला होता. फोन गुत्त्याच्या फळीवरच, वीस माणसांच्या कानाशी. शेरीफच्या कचेरीतल्या बाईला त्यानं गोठ्याचा पत्ता दिला, ताबडतोब माणूस पाठवा म्हणाला. तिनं विचारलं, झालंय काय? त्यानं सांगितलं. हॅरियटनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"हुल्डाचं तुम्हाला कसं माहीत?" बाईनं विचारलं.

"त्यानं मला विचारलं होतं," ऑर्लिन म्हणाला. वीस माणसं बघत होती. "आणि मी हो म्हणालो होतो."

शेरीफचा माणूस तालुक्याच्या पलीकडच्या टोकाला होता, म्हणून गेलनच्या पिकअपमधून हे दोघं आधी पोचले. उजेड होता अजून. गोठ्यात गाई ओरडत होत्या, धारा काढायची वेळ टळलेली. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. रेनहोल्ड मामा खुर्चीत बसला होता, गळ्याला फडकं. डेल्मर त्याच्यामागे उभा होता, कोटाची सगळी बटणं लावलेली, पोटाशी दोन्ही हातांनी उशी धरलेली.

"हुल्डा आली का?" मामानं ऑर्लिनला विचारलं.

डेल्मरनं मान वर केली. चेहरा घामानं डबडबलेला. "आलास? बरं झालं," तो म्हणाला. "आल्यापासून उभा आहे. हात उचलत नाही रे. आता अडवणारं कुणी नाही, तरी उचलत नाही."

ऑर्लिननं जाऊन त्याच्या हातातली उशी काढून घेतली. त्यानं ती दिली, लगेच दिली. मग रिकाम्या हातांकडे बघत राहिला.

"म्हणजे माझ्या एकट्याच्यानं ते कधी होणारंच नव्हतं," तो म्हणाला. "आईच्या वेळी झालं, ते तू हो म्हणालास म्हणून."